आधी बाटली, मग इंजेक्शन

मंगळवारी दाजींची फाइल हातात पडली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. वय ६२, साखरेचा जुना त्रास. लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून ताप. जवळच्या एका दवाखान्यात आठवडाभर ॲडमिट. पहिल्या दिवसापासून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, चौथ्या दिवशी मेरोपेनेम, दोन्ही भारी अँटिबायोटिक. पानं उलटून पाहिली. जंतू वाढवून ओळखायचं कल्चर रक्ताचं नाही, लघवीचंही नाही. टायफॉइडची विडाल तपासणी मात्र आहे.

विडालवर मी किती वेळा लिहिलंय ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो. ती तपासणी जंतू शोधत नाही, अँटिबॉडी मोजते, आणि त्या कधीच्या जुन्या तापाच्याही असू शकतात. एकट्या विडालवरून टायफॉइड ठरत नाही. आपल्या भागातला निम्मा टायफॉइड कागदावरचाच असावा, असं माझं ठाम मत आहे.

माझे वडील इथे वालचंदनगरला कारखान्यात वेल्डर होते. चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं, त्याच्या बूस्टरच्या केसिंगचे भाग याच कारखान्यातले. तिथे जोड नुसता डोळ्यांनी बघून पास होत नाही. जोडाशेजारी वेल्डरचा नंबर पंच होतो, मग एक्स-रे फिल्म निघते. बारीक भेग दिसली तर तेवढाच भाग ग्राइंड करून काढायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा फिल्म. आणि हे सगळं पुढचं काम चढण्याआधी. वडील रात्री जेवताना सांगायचे, आज दोन फिल्म परत आल्या. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. जोड झाकला गेल्यावर दोष कळून उपयोग काय, एवढंच त्यांचं म्हणणं.

रक्ताचंही तेच आहे. पहिलं इंजेक्शन गेलं की जंतू मरतात किंवा अर्धमेले होतात, कल्चरच्या बाटलीत अनेकदा वाढत नाहीत. दाजींना आठव्या दिवशी पुण्याला हलवलं, तिथे कल्चर घेतलं, ते कोरं आलं. सोनोग्राफीत मूत्रपिंडापाशी पू दिसला. तो काढला, त्यातही काही उगवलं नाही. जंतू होता, पण कुठला आणि कुठल्या औषधाला दाद देणारा, हे कळायची वाट पहिल्याच दिवशी बंद झाली होती. साध्या औषधावर भागलं असतं का, गोळ्यांवर घरी सोडता आलं असतं का, आता कोण सांगणार?

डॉक्टर म्हणतात, रिपोर्टला तीन दिवस लागतात, तोवर पेशंट थांबेल का? थांबा असं कुणीच म्हणत नाही. सेप्सिस झालेल्याला पहिल्या तासाभरात औषध गेलंच पाहिजे. त्याआधी दोन्ही हातांतून रक्त घ्या, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, आणि लगेच इंजेक्शन द्या. पाच-दहा मिनिटांचं काम. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते, तडक लॅबला पाठवायची. रिपोर्ट आला की भारी औषध थांबवून नेमकं द्यायचं. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि मायक्रोबायोलॉजी प्रत्येक मेडिकल कॉलेजात असतंच. तासाभराच्या रस्त्यावर बाटली पोचवायची सोय तालुक्याला करता येऊ नये?

तोवर तुम्ही विचारा. आपलं माणूस ॲडमिट करताना, सलाइन लागण्याआधी विचारा: कल्चर घेतलं का?

काल रात्री बहिणीशी बोललो. दाजींचा ताप उतरलाय. हाताच्या शिरा सापडेनात म्हणून आता मानेतून लाइन टाकलीय. मेरोपेनेम चालूच आहे.