पिवळी फेरारी कुणाची?

2025च्या जूनमध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत 83 नंबरच्या पिवळ्या फेरारीने जिंकली. दुसऱ्या आलेल्या पोर्शेपेक्षा जेमतेम 14 सेकंद पुढे. फेरारीच्या दोन अधिकृत लाल गाड्या एएफ कोर्से हा संघ चालवतो. पिवळीही तोच चालवतो. पण जागतिक अजिंक्यपदाच्या नियमांत ही गाडी ‘खाजगी’. तिचे गुण निर्मात्यांच्या तक्त्यात फेरारीच्या नावावर चढत नाहीत. खाजगी संघांच्या वेगळ्या चषकात जमा होतात.

मी फेरारीचं वकीलपत्र घेतलेलं नाही. त्या वर्षी निर्मात्यांचं विजेतेपद तिलाच मिळालं. मला काळजी आहे ती ‘निर्माता’ या शब्दाची.

एके काळी या शब्दाला अर्थ होता. पाच लिटर इंजिनाची स्पोर्ट्स कार पात्र ठरायला 25 गाड्या बनवाव्या लागत. एप्रिल 1969मध्ये पोर्शेने 25 ‘917’ कारखान्याच्या आवारात रांगेने उभ्या करून परीक्षकांना दाखवल्या. पुढच्या वर्षी पोर्शेने मुख्य मोहीम इंग्लंडच्या जॉन वायर यांच्या संघावर सोपवली; ल माँ मात्र पोर्शे साल्झबुर्ग या दुसऱ्याच संघाने जिंकली. गुण मिळाले पोर्शेला, कारण गाडी पोर्शेची होती. तेव्हा गाडी कुणी बनवली हे बघत. आता प्रवेशअर्ज कुणाच्या नावाचा आहे ते बघतात.

त्यात 2025पासून नवी अट आली: हायपरकार वर्गात निर्मात्याने दोन गाड्या उतरवल्याच पाहिजेत. 2024मध्ये एकच गाडी घेऊन आलेली लॅम्बोर्गिनी पुढच्या यादीत दिसली नाही. ग्लिकेनहाउस हा चिमुकला अमेरिकन निर्माता 2022मध्ये ल माँला तिसरा आला होता. त्या वर्षी इतर शर्यतींत त्याची एकच गाडी असे. आजच्या नियमात त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. एक उत्तम गाडी बनवणारा निर्माता नाही, दोन सुमार गाड्या आणणारा मात्र आहे, हे कुठलं गणित?

यावर उत्तर ठरलेलं आहे: खाजगी गाड्यांचे गुण धरले, तर ज्याची गिऱ्हाइकं जास्त त्याच्या संधी जास्त. हरकत रास्त आहे, पण तिच्यावर तोडगा आहे. प्रत्येक निर्मात्याने मोसमाआधी दोन गाड्या जाहीर कराव्यात, त्या कुठल्याही संघाच्या असोत. गुण त्यांचेच धरावेत. एकच गाडी आणणाऱ्याला एकीचेच गुण मिळतील. तोटा त्याचा, त्याला सोसू दे.

हे मान्य नसेल, तर निदान चषकावरचं नाव बदला. ‘प्रवेशअर्ज भरणाऱ्यांचं जागतिक अजिंक्यपद’ म्हणा. निदान खोटं तरी ठरणार नाही.