मुलीची पाठ एकदा पाहा

मुलीचा एक खांदा खाली दिसला की आपण चांदूर बाजारची माणसं दप्तराला दोष देतो. दप्तर हलकं हवंच. २०१५ च्या शासन निर्णयानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. पण कणा एका बाजूला वळतो तो दप्तरामुळे नव्हे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलीला अम्मीने रुकूसारखं वाकायला सांगावं, फक्त हात गुडघ्यांवर न ठेवता तळवे जुळवून खाली सोडावेत. मागून पाहावं. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनची १८६५ ची ही तपासणी डॉक्टर आजही करतात. आपल्याकडे मात्र ‘उद्या निकाहात अडेल’ म्हणून पाठ ओढणीखाली झाकली जाते. ब्रेसचा उपयोग हाडं वाढत असतात तोवरच.