संगणकाच्या भाषेत अर्धी सूट नको

इंग्रजीच्या वहीत 'इंडिया'चे पहिले अक्षर स्मॉल काढले तर गुरुजी गुण कापतात. पण शब्द कोणता, हे त्यांना कळते. संगणकाला मात्र अक्षर म्हणजे एक आकडा. आस्की या संकेतावलीत कॅपिटल 'ए' म्हणजे ६५ आणि स्मॉल 'ए' म्हणजे ९७. ही दोन एकच मानायची की वेगळी, हे भाषा घडवणाऱ्याने ठरवायचे असते.

संकेतस्थळे तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेने याचा निर्णय अर्धवट ठेवला. तिच्यात फंक्शनच्या नावात कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही; स्थिरांकाच्या नावात आहे. २००९ साली तिच्यात 'नेमस्पेस' आली. वर्गात दोन सुनील असले, तर आपण आडनावाने ओळखतो. नेमस्पेस हे तसेच आडनाव. पण या आडनावात भेद नाही आणि स्थिरांकाच्या नावात आहे! एकाच नावाचा अर्धा भाग सैल, अर्धा कडक.

यात बिघडते काय? समजा, 'बँक' या नेमस्पेसमध्ये 'रेट' हा स्थिरांक फक्त पहिले अक्षर कॅपिटल ठेवून ७ ठरवला. नेमस्पेसबाहेर सर्व कॅपिटल अक्षरांतला दुसरा 'रेट' आहे ९. आत काम करताना तुम्ही चुकून सर्व अक्षरे कॅपिटल लिहिली, आडनाव लिहिले नाही. ते नाव आत सापडत नाही, म्हणून पीएचपी बाहेर शोधते आणि ९ घेते. १००० रुपयांवर ७० ऐवजी ९० रुपये व्याज! आणि चूक झाल्याची सूचनाही नाही. प्रोग्रॅम बंद पडला तर चूक शोधता येते. खोटे उत्तर मात्र खपून जाते.

नवशिक्याला सूट हवी, असे काहीजण म्हणतील. स्थिरांकातही भेद नको, असे सांगण्याची सोय पीएचपीत होती. २०१८ च्या ७.३ आवृत्तीत ती नापसंत ठरवली गेली आणि २०२० च्या ८.० मध्ये काढून टाकली. शिवाय सूट देणेही सोपे नाही. तुर्की भाषेत कॅपिटल 'आय'चे स्मॉल रूप बिनटिंबाचे असते; मग कोणाचा नियम धरायचा?

माझे मत असे, की नियम एकच असावा आणि तो कडक असावा. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. तरी 'दिन' आणि 'दीन' आपण वेगळे मानतोच ना? जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून भाषेचे नियम सहज बदलत नाहीत. तोवर शिस्त आपणच पाळावी : नाव जसे ठरवले, तसेच प्रत्येक ठिकाणी लिहावे. शिक्षकांनी वरचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा.