ड्रायव्हरची झोप कोणी खाल्ली?

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग पुण्याच्या नवले पुलाकडे सलग उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका जड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली. ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे एकच निकाल लागला होता : हे ड्रायव्हर लोक माजले आहेत, यांना फाशी द्या.

त्या एका प्रकरणातला दोष न्यायालय ठरवील. पण उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये का सोडतात, हे या रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो दोन वाक्यांत सांगेल. आपण विचारत नाही, एवढेच. बहुतेक ट्रान्सपोर्ट कंपन्या मार्गाप्रमाणे डिझेल मोजून देतात. अमुक किलोमीटर, अमुक लिटर. त्यापेक्षा कमी लागले तर उरलेले ड्रायव्हरच्या पदरात. जास्त लागले तर पगारातून कापणार. घाट किती, कोंडी किती, पावसात किती तास अडकलो, गाडीत माल किती टन होता, याचा हिशेब त्या आकड्यात धरलेला नसतो. चढावर आणि कोंडीत जळालेले डिझेल भरून काढायला ड्रायव्हरला एकच जागा उरते, ती म्हणजे उतार. न्यूट्रल केले की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ड्रम तापतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो, स्टिअरिंग जड होते. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपत जाते. ड्रायव्हरला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. महिन्याच्या शेवटी हातात किती पडणार, हेही त्याला ठाऊक असते. ज्याने तो आकडा वातानुकूलित खोलीत बसून ठरवला, त्याचे नाव अपघाताच्या बातमीत आलेले मी आजवर वाचलेले नाही.

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीतली नोकरी बाहेरून चांगली दिसते, आणि काही बाबतीत ती चांगली असतेही. नवी गाडी, गणवेश, खात्यात जमा होणारा पगार, गुळगुळीत न झालेले टायर. एकट्या मालकाच्या खटाऱ्यावर ॲडव्हान्सच्या चिल्लरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे थोडे नाही. पण कंपनीचे नाव मिरवत धावणाऱ्या कित्येक गाड्या कंपनीच्या नसतात, भाड्याने जोडलेल्या असतात. त्यांचा ड्रायव्हर कंपनीचा माल कंपनीने ठरवलेल्या वेळेत पोहोचवतो, उशीर झाला तर कंपनीचा दंडही सोसतो. फक्त हजेरीपटावर त्याचे नाव नसते. आणि हजेरीपटावर नाव असो वा नसो, गाडी कुठे थांबली हे कंपनीला दाखवणारे जीपीएस गाडीत असतेच.

भिवंडीत एका गोदामाबाहेर पाटोदा तालुक्यातला एक ड्रायव्हर भेटला. कोलकात्याची पार्सल गाडी चालवतो. म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या घरातला पल्ला. त्याने मोबाइल काढून आदल्या फेऱ्याच्या एका रात्रीचे आलेले फोन दाखवले. एकच नंबर, खाली खाली उतरत गेलेला.

“बघा भाऊ. गाडी पंधरा मिनिटं हुबी राहिली की ह्यो फोन येतो. का थांबलास? लघवीला थांबलो तरी सांगावं लागतं. झोपलो होतो म्हणलं, तर साहेब म्हणतो, झोपायचा पगार देतो का तुला?”

“मग झोपता कधी, दादा?”

“गाडी खाली करायला नंबर लावला की. तितं दीड-दीड दिवस पडून असतो. तितं कुणी फोन करीत नाही.”

सबंध मालवाहतुकीचा धंदा कसा चालतो हे या शेवटच्या वाक्यात आले. रस्त्यावर गाडी एक तास थांबली तर कंपनीचे नुकसान, कारण तिथे घड्याळ कंपनीचे असते. गोदामाच्या फाटकाबाहेर तीच गाडी दीड दिवस उभी राहिली तर नुकसान ड्रायव्हरचे, म्हणून तिथे कोणाला घाई नसते. हाल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे मिळाले तर मिळाले, आणि मिळाले तरी ते त्याच्यापर्यंत झिरपत येतील याची खात्री नाही. फाटकाशी गेलेला वेळ पुढच्या फेऱ्यात भरून काढायचा असतो, आणि तो निघतो फक्त रात्रीतून. तंबाखूची चिमूट, चहा, डोळ्यांवर पाण्याचा हबका, कुठे त्याहून वाईट काही. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली देशभरातल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. थकवा किंवा झोप अनावर झालेली असतानाही गाडी चालवतो, असे त्यात जवळजवळ निम्म्या चालकांनी कबूल केले. कोणीतरी आपल्याला खरे विचारतो आहे, एवढ्यावर इतक्या माणसांनी ते सांगून टाकले.

यावर कायदा नाही असे कोणी म्हणू नये. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालीच झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या पल्ल्यावर फार तर दहा आणि ५४. सलग पाच तास काम झाले की अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ हीच मर्यादा सांगते. २०२० च्या श्रमसंहितेने जुना कायदा आपल्यात सामावून घेतला. साठ वर्षांहून अधिक काळ हा हक्क कागदावर आहे आणि रस्त्यावर त्याचा मागमूस नाही. कागदावरही आपण पुढे गेलो असे नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत अशी अट पूर्वी होती. २०१८ साली ती काढून टाकली. त्याच वर्षी मालवाहू ट्रकच्या ॲक्सलवरचा परवानगीचा भार २० ते २५ टक्क्यांनी वाढवला. ओझे वाढवले आणि ते वाहणारा दुसरा माणूस कमी केला, तेही एकाच वर्षात. यावर महाराष्ट्रात एक सभा झाल्याचे मला आठवत नाही. उन्हाळ्यात इंजिनाच्या शेजारी भाजून निघणाऱ्या ड्रायव्हरला थंड केबिन द्यावी, हे लागू व्हायलाही १ ऑक्टोबर २०२५ उजाडावे लागले. त्या तारखेपासून बनणाऱ्या नव्या ट्रकनाच ते बंधनकारक आहे. खर्च वाढेल म्हणून या सुधारणेला विरोध झाला होता, हे खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. माणूस भाजतो हे मान्य, पण त्याला गार ठेवणे परवडत नाही, असा तो युक्तिवाद. आपण सुशिक्षितांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला.

आता फाटकाकडे वळतो. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सकाळी चक्कर मारा. कारखान्याच्या कुंपणालगत ट्रकांची रांग असते. आत हजार माणसांचे कँटीन आहे, गार पाण्याचे यंत्र आहे, स्वच्छ संडास आहेत. ड्रायव्हरला मात्र सुरक्षारक्षक वहीत सही करायला लावतो, टोकन देतो आणि बाहेर बसवतो. पाणी त्याने टपरीवरून विकत घ्यायचे आणि पोट साफ करायला कुंपणामागच्या गवतात जायचे. मी एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर रक्षकाला विचारले, की याच कारखान्याचा माल घेऊन आलेल्या माणसाला आतला संडास का वापरू देत नाही? तो ओशाळला. वरून ऑर्डर आहे म्हणाला, ड्रायव्हर लोक घाण करतात. नंतर हळूच म्हणाला, “मला तरी कुठं आतला वापरू देतात, सर?”

हा महाराष्ट्र आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो इथे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेही इथेच. जातीच्या अस्पृश्यतेचे दुःख वेगळे आणि फार खोल आहे, त्याची बरोबरी मी इथे करत नाही. पण एका माणसाचा हात लागलेला माल चालतो आणि तो माणूस नळाशी चालत नाही, ही वृत्ती कुठल्या घरातून आली हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. आणि ते फाटक लावून घेणारे व्यवस्थापक आपल्याच घरातले आहेत. शाहू-फुले-आंबेडकर जयंतीला कंपनीच्या सभागृहात भाषणे करणारे आहेत.

ज्या हमालाच्या पाठीवरून माल गाडीत चढतो, त्याला या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा दिला. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारखी माणसे त्याच्यामागे उभी राहिली. मंडळे झाली, मजुरी बांधून मिळाली, निधी मिळाला. जगात मिरवावे असे ते काम आहे. पण माल गाडीत चढला की पुढे तो नेणाऱ्याला कोणी वाली उरला नाही. उलट माल उतरवताना वराईचे, म्हणजे हमालीचे, पैसे कोणी द्यायचे यावरून हमाल आणि ड्रायव्हर या दोन गरिबांची जुंपते आणि मालाचा धनी बाजूला उभा राहतो. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा आहे, न्यायाची आहे, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी घोषणाच आहे. ड्रायव्हरची संघटना बांधणे कठीण, हे मला कळते. तो एका जागी नसतो. पण त्यामुळे त्याच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी एका जागी राहणाऱ्यांवर जास्त येते.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हे ड्रायव्हर एका जागी थांबले, तेव्हा काय झाले आठवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये, अपघात करून कोणाला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. त्याविरुद्ध त्यांनी स्टिअरिंग सोडले आणि आपण गाड्या घेऊन पेट्रोल पंपांवर धावलो. जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम थांबवून ठेवले गेले. जखमी माणसाला रस्त्यावर टाकून पळणे हा अधमपणा आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण ड्रायव्हर का पळतो? कारण थांबला तर जमाव त्याला ठेचतो. चूक कोणाची हे बघण्याआधी मोठ्या गाडीवाल्याला खाली ओढायचे, ही रीत आपली आहे. थांबलास तर मारू, पळालास तर दहा वर्षे, असे म्हणणाऱ्या समाजाने तिसरी वाट मोकळी करून द्यायला नको का? त्या दोन दिवसांत आपल्याला पेट्रोलची चिंता लागली. ड्रायव्हरांना कसली भीती वाटते हे विचारायला पंपावरच्या रांगेतला कोणी गेला नाही.

आपण म्हणजे कोण, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. रात्री अकराला मोबाइलवर वस्तू मागवून उद्या दुपारपर्यंत ती दारात पाहिजे म्हणणारे आपण. भाडे फुकट आहे असे ॲपने सांगितले की त्यावर विश्वास ठेवणारे आपण. फुकट असे काही नसते. कोणीतरी रात्रभर जागतो. मुलीला स्थळ सांगून आले आणि मुलगा ट्रकवर ड्रायव्हर आहे कळले, की पत्रिका न बघता परत पाठवणारेही आपणच. तो महिना-महिना घरी नसतो, व्यसनी असेल, आजार घेऊन येईल. या सगळ्या तक्रारींना कारण असलेली नोकरी आपल्यासाठीच चालते, हे आपल्याला सोयीने दिसत नाही.

दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे या देशाच्या रस्त्यांवर मरतात. २०२२ साली सरकारी आकडा १,६८,४९१ होता. त्यातल्या ज्या अपघातांत ट्रक असतो, तिथे गुन्हा नोंदवला जातो ड्रायव्हरवर. युरोपात जड गाडीच्या ड्रायव्हरने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबलेच पाहिजे असा नियम आहे. अमेरिकेत ११ तासांपलीकडे चाक हातात धरता येत नाही. दोन्हीकडे गाडीत बसवलेले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही यंत्र आहे. गाडी कुठे, किती वाजता, किती मिनिटे थांबली, हे सगळे त्यात महिनोन्‌महिने साठवलेले असते. ते बघूनच रात्री तीनला फोन केला जातो. मग अपघातानंतर पोलिसांनी कंपनीकडून पहिल्याच दिवशी ती नोंद मागवली पाहिजे. हा माणूस किती तास सलग चालवत होता? मागच्या आठवड्यात त्याला सुट्टी होती का? त्या रात्री कंट्रोल रूममधून त्याला किती फोन गेले, आणि काय सांगून गेले? किती लिटर डिझेल त्याला दिले होते, आणि तो आकडा कोणाच्या सहीने ठरला? तपासात ही माहिती आली, तर गुन्ह्याच्या कागदावर ड्रायव्हरच्या नावाखाली आणखी दोन-तीन नावे लिहावी लागतील. त्यांतली काही नावे फार प्रतिष्ठित असतील. आपल्या वस्तीतली, आपल्या ओळखीची असतील. लिहायची आहेत की नाहीत, ते महाराष्ट्राने ठरवायचे आहे.