बंद पडलेला विमा आणि उघडं पडलेलं घर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यांवरची घरं-दुकानं बुडाली. पाणी ओसरल्यावर घराघरात साधारण एकच दृश्य होतं: आडवा होऊन दारात अडकलेला फ्रीज, फुगलेली प्लायवूडची कपाटं, स्विचबोर्डात साचलेला गाळ आणि भिंतीवर डोक्याच्याही वर उमटलेली पाण्याची मातकट रेघ. याच शहरानं जुलै २००५चा पूरही सोसला होता, त्यामुळे धोका कुणाला नवा नव्हता. तरीही घराचा विमा कोकणात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, बहुधा गृहकर्जाच्या फायलीबरोबर येतो आणि पहिल्याच नूतनीकरणाला गळतो.

गळण्यामागचं कारण ठरलेलं. ‘पाच वर्षं हप्ते भरले, काही झालं नाही, पैसे फुकट गेले.’ हा हिशेब आवर्त ठेवीचा झाला. घराच्या विम्यात कंपनी त्या मुदतीपुरती जोखीम उचलते आणि मुदत सरली की मोकळी होते. आयुर्विमा, आरोग्यविमा यांत हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस असतात. घराच्या विम्यालाही ते असतील, असं लोक गृहीत धरतात. ते नसतात.

‘सरकार देतंच की!’ हा दुसरा आधार. देतं, हे खरं. २०२१च्या पुरानंतर राज्य सरकारनं पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख आणि निम्म्या पडझडीसाठी पन्नास हजार रुपये जाहीर केले. आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्रीय निकष सपाट प्रदेशातल्या पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार रुपये देतात. साडेसहा हजारांत गवंड्याची मजुरी तरी भागेल का, हे ज्यानं अलीकडे एखादी भिंत दुरुस्त करून घेतली आहे त्याला विचारावं. ही मदत माणसाला तात्पुरतं उभं करण्यासाठी असते. घर पूर्ववत करणं हा तिचा हेतूच नाही, म्हणून तिला विम्याचा पर्याय मानणं चूक.

‘कंपन्या दावे नाकारतात’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे. सर्वेक्षकाच्या खेपा, बिलांची मागणी, घसाऱ्याची कात्री यांनी लोक खरोखर वैतागतात. पण चित्र थोडं बदललंय. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते. पूर, वादळ, भूकंप, दरड, आग हे सगळं तिच्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. विमा कमी रकमेचा काढला म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धत तिच्यात नाही. दावा अन्यायानं नाकारला, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. पण त्यासाठी नुकसानीच्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते.

हप्त्याची धास्तीही बरीचशी चुकीच्या आकड्यातून येते. फ्लॅट एक कोटीचा म्हणून विमाही एक कोटीचा, असं लोक समजतात. जागेची किंमत पुरात वाहून जात नाही. समजा, सहाशे चौरस फुटांचं घर आहे आणि बांधकामाचा दर अडीच हजार. विमा काढायचा तो पंधरा लाखांचा.

आता ज्यांचा विमा खरोखरच संपलाय आणि घरात चिखल आहे, त्यांच्यापुढे एखादा एजंट हमखास तोडगा ठेवतो: ‘आज हप्ता भरा, तारखेचं बघू.’ त्याला बळी पडू नये. विमा कायद्याचं ६४-व्हीबी हे कलम आधी हप्ता, मग जोखीम असं सांगतं. पॉलिसीवर वेळ नोंदलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९७मध्ये मोटार विम्याच्या प्रकरणात दिला आहे.

म्हणून सगळे दरवाजे बंद झाले, असंही नाही. आधी कर्जाची फाइल काढावी. बँकेनं सुरुवातीलाच अनेक वर्षांची पॉलिसी उतरवलेली असू शकते. फक्त ती घराचीच आहे ना, हे बघावं, कारण कर्जदाराच्या जिवाचा विमा भिंतीच्या कामाचा नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवांना गाठावं. आदर्श उपविधींनुसार सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाविरुद्ध विमा उतरवायचा असतो. त्याच पॉलिसीत पूरही असला, तर इमारतीचं नुकसान भरून येऊ शकतं. घरातलं सामान मात्र त्यात धरलेलं नसतं. दारातली गाडी बुडाली असेल आणि तिचा सर्वंकष विमा चालू असेल, तर तो दावा वेगळा करता येतो.

गाळ उपसण्याआधी भिंतीवरच्या रेघेसकट प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. नवी पॉलिसी घेताना प्रस्ताव अर्जात आधीच्या नुकसानीबद्दल विचारलं, तर ते लपवू नये. पुढचा दावा फेटाळायला कंपनीला तेवढं निमित्त पुरतं.