विश्लेषण : मेंदूच्या गाठीची केमो घरी येते तेव्हा घरच्यांचा गोंधळ कुठे होतो?

बार्शीला कर्करोग नवा नाही. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथेच १९८७ मध्ये सुरू झाली आणि शहरात नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटलही आहे. पण मेंदूच्या गाठी तुलनेनं विरळ. ऑपरेशनसाठी बहुतेकांना सोलापूर किंवा पुणं गाठावं लागतं. तिथून पेशंट परततो तेव्हा सोबत एक पिशवी असते. तिच्यात फाईल, एमआरआयच्या फिल्म आणि तीन-चार औषधं. एक गाठीवर, एक सुजेवर, एक फिट येऊ नये म्हणून. घरच्यांसाठी मात्र सगळ्या ‘गाठीच्याच गोळ्या’.

सर्वांत जास्त फसवतं ते सुजेवरचं औषध, डेक्सामेथासोन. दोन-तीन दिवसांत डोकं दुखायचं थांबतं, लुळा पडत चाललेला हात हलू लागतो, पेशंट भाकरी मागून खातो. गाठ विरघळली, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात कमी होते ती गाठीभोवतीची सूज. पुढे साखर वाढते, झोप उडते, मांड्यांतली ताकद जाते, चिडचिड होते. ‘यांचा स्वभावच बदलला’ ही तक्रार अनेकदा या स्टेरॉइडमुळेही असते. मग कोणी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने तेच औषध आणत राहतं, तर कोणी बरं वाटलं म्हणून एकदम बंद करतं. दोन्ही घातक. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, म्हणून डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

गाठीवरचं औषध कोणतं?

ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीवर मुख्य औषध आहे टेमोझोलोमाइड. किरणोपचार सुरू असताना साधारण सहा आठवडे रोज, नंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस, सहसा सहा वेळा. २००५ च्या ज्या चाचणीनंतर ही पद्धत रूढ झाली, तिच्यात निम्मे रुग्ण जगण्याचा कालावधी १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. फरक अडीच महिन्यांचा. पण दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण शंभरात १० वरून २६ झाले. डॉक्टर म्हणतात ‘फरक पडेल’, घरचे ऐकतात ‘बरा होईल’. अवघड बोलणं खरं तर इथेच व्हायला हवं. गाठीची एमजीएमटी तपासणी केली असेल, तर या औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज येतो. तो रिपोर्ट मागून समजून घ्यावा.

सलाईन नाही, सुई नाही, म्हणून ही केमो वाटतच नाही. तरी कॅप्सूल फोडायची नाही, शक्यतो उपाशीपोटी घ्यायची, उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा नाही. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली कॅप्सूल तिच्या हाती पडू नये.

महागडं म्हणजे जास्त गुणकारी?

जमीन गहाण ठेवायची वेळ येते ती बहुधा इथे. बेव्हासिझुमॅबमुळे सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं. मात्र नव्यानं निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमात त्यानं आयुष्य वाढत नाही, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. व्होरासिडेनिबला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ती आयडीएच बदल असलेल्या, हळू वाढणाऱ्या ठरावीक गाठींसाठी. ‘ब्रेन ट्यूमरवर गोळी आली’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजमध्ये हा तपशील सहसा गळतो.

टेमोझोलोमाइड अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. म्हणून पदरचे पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठावं.

पाच दिवसांच्या प्रत्येक फेरीत साधारण २२व्या दिवशी रक्ताची तपासणी लागते, कारण पेशी घटतात त्या याच सुमारास. ही साधी तपासणी बार्शीतल्या लॅबमध्येही होते. आकडे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढची फेरी सुरू करायची नाही, आणि मधेच १००.४ फॅरनहाइटपर्यंत ताप चढला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.