पंच, पक्ष आणि प्रेक्षक

सुगी आटोपली, बागांतील संत्र्यांची तोड निघून गेली आणि हिवाळ्याची उन्हे कोवळी झाली, की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांतील मैदाने जागी होतात. कुठे कबड्डीचे सामने, कुठे कुस्त्यांची दंगल, कुठे शंकरपट. या दिवसांत पराभूत होऊन परतणाऱ्या संघाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘आम्ही हरलो नाही, पंचाने हरवले.’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याचा खरेखोटेपणा तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. या महिन्यात ते तपासून पाहावे, असे आम्ही योजिले आहे. पंच खरोखरच काही संघांकडे झुकतात काय? झुकत असतील, तर का? आणि त्यावर उपाय कोणाच्या हाती आहे?

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण सीमा होती तिथेच राहिली. आपला संघ भोपाळकडे गेला तर तो मराठी मुलांचा संघ. नागपूरकडे गेला तर मध्य प्रदेशचा. हरल्यावर दोन्हीकडे कारण तयारच असते : आपण त्यांचे नव्हतो, म्हणून निकाल आपल्याविरुद्ध गेला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ही भावना परिचित असेल. ती नेहमीच खोटी असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती सिद्ध न करता मुलांच्या हाती वारसा म्हणून देणे, हे मात्र घातक आहे.

पंचाची गरज काय, हे शिकण्यासाठी पांढुर्ण्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे गोट्यांचा वर्षाव. या गोटमारीत पंच नाही, गुण नाहीत, बाद होणे नाही. दरवर्षी माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांनी प्राण गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चालले नाही. आणि तरीही, दिवस कलला आणि झेंडा कोणाच्याच हाती आला नाही, तर दोन्ही काठांची जाणती माणसे आपसांत समेट करून ते झाड चंडीमातेच्या देवळात नेतात. जिथे पंच नेमलेला नाही, तिथेही अखेर दोन्ही पक्षांना मिळून पंचाचे काम करावेच लागते, ते असे.

आता पंच असलेल्या खेळांकडे वळू. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत राक्षे यांची पाठ टेकली, असा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे. वाद वाढला आणि एका नामवंत मल्लाने पंचाला लाथ मारल्याचे दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढे अंतिम लढतीतही महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेले. दोघांवरही त्या वेळी तीन वर्षांची बंदी घोषित झाली. खांदे टेकले की नाही, यावर गावोगावच्या पारांवर अजून दोन तट आहेत. आणि गंमत अशी, की बहुतेकांचे मत त्यांचा आवडता मल्ल कोण, यावरून आधीच सांगता येते.

दुसरे उदाहरण हॉकीचे. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांचा उपान्त्य सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निर्णय शूटआऊटवर गेला. ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न सविता पुनिया यांनी अडवला. पण घड्याळ सुरूच झाले नव्हते, या कारणाने तो प्रयत्न पुन्हा घेण्यात आला आणि त्यावर गोल झाला. भारत ते शूटआऊट ३-० असे हरला. मोठ्या देशाला झुकते माप दिले, असा आपल्याकडे गदारोळ उठला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने नंतर जाहीर माफी मागितली; निकाल मात्र बदलला नाही.

या दोन्ही प्रसंगांत पक्षपात होता काय? आमचे उत्तर असे, की एका प्रसंगावरून ते कधीच सांगता येणार नाही. चूक आणि पक्षपात यांचे बाह्य रूप एकच असते. चूक आज आपल्याविरुद्ध जाईल, उद्या आपल्या बाजूने. पक्षपात मात्र पुन्हा पुन्हा एकाच दिशेने जातो. तेव्हा पक्षपात शोधायचा, तर शेकडो निर्णय मोजावे लागतात. मोजतानाही सावधपणा हवा. बलाढ्य संघाला पेनल्टी अधिक मिळतात, हे दिसताच आपण बोट दाखवतो. परंतु जो संघ अधिक वेळ प्रतिपक्षाच्या गोलापाशी खेळतो, त्याला त्या अधिक मिळणारच.

असे मोजमाप अभ्यासकांनी केले आहे, आणि त्याचे निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. क्रिकेटच्या कसोटी सामन्यांत दोन्ही पंच यजमान देशाचे असत, तेव्हा पाहुण्या संघाचे फलंदाज यजमानांपेक्षा अधिक प्रमाणात पायचीत दिले जात. ही कुरबुर जुनीच होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांच्या आग्रहावरून वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले : मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. आपल्याच देशाच्या पंचांवरील संशय नको, म्हणून कर्णधाराने शेजारच्या देशाचे पंच मागवावेत, ही घटना लहान नव्हे. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा आणि २००२ पासून दोन्ही तटस्थ, असा नियम झाला. तटस्थ पंच जसजसे वाढले, तसतसा पायचीतच्या निर्णयांतील तो फरक कमी होत गेला, आणि दोन्ही पंच तटस्थ झाल्यावर जवळजवळ नाहीसा झाला.

याचा अर्थ पूर्वीचे पंच लबाड होते, असा घ्यावा काय? इथे इंग्लंडमधील २००२ सालचा एक प्रयोग उपयोगी पडतो. फुटबॉलच्या ४० प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातील ४७ झटापटींचे चित्रीकरण दाखवण्यात आले. काहींना ते प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह दाखवले, काहींना निःशब्द. चित्र तेच, नियम तेच. ज्यांच्या कानी आवाज पडत होता, त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी दोष दिले. पाहुण्यांना त्यांनी अधिक शिक्षा केली, असे नव्हे. यजमानांना शिक्षा करताना त्यांचा हात आखडला, इतकेच. त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, जेवण घातले नव्हते, धमकीही दिली नव्हती. हजारो लोक एकाच वेळी ‘नाही’ म्हणून ओरडतात, तेव्हा संशयाच्या क्षणी माणूस गप्प राहणे पसंत करतो.

स्पेनमधील फुटबॉलच्या अभ्यासातही असेच आढळले. यजमान संघ एका गोलाने मागे असला, की पंच सामन्याच्या अखेरीस वेळ वाढवून देत. पुढे असला, की लवकर शिटी वाजवत. मग २०२० साली महासाथीमुळे प्रेक्षागृहे रिकामी पडली, तेव्हा युरोपातील सामन्यांत पाहुण्या संघांना पिवळी कार्डे अधिक मिळण्याचा जुना प्रघात बराच ओसरला. पंच तेच होते, खेळाडू तेच होते. फक्त प्रेक्षक घरी होते.

झुकण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो सज्जन पंचांतही आढळतो. एका बाजूला कठोर निर्णय दिला, की दुसऱ्या बाजूलाही एखादा देऊन पारडे सारखे करावे, असे त्यांना वाटते. अमेरिका-कॅनडातील बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीत मार्च २०२१ मध्ये टिम पील या अनुभवी पंचांचे खाजगी बोलणे चुकून प्रक्षेपणात ऐकू गेले. दोष फारसा नव्हता, पण नॅशविलच्या संघाला लवकरच एक शिक्षा द्यायची होती, अशा अर्थाचे ते शब्द होते. दुसऱ्याच दिवशी त्यांची कारकीर्द संपल्याचे व्यवस्थापनाने जाहीर केले. आमच्या मते त्या व्यवस्थापनाचे योग्यच झाले. तराजू धरणाऱ्याने माल तोलावा. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून दुसऱ्या पारड्यात मूठभर टाकू नये.

तेव्हा ‘पंच झुकतात काय’ या प्रश्नाला आमचे उत्तर आहे : होय, झुकतात; परंतु विकले जाऊन क्वचित, आणि आपल्या ओरडण्याने वारंवार. ‘पंचांमुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. त्या मुखाजवळ दोन कानही असतात, आणि त्या कानांत काय पडावे, हे बहुतांशी आपण ठरवीत असतो. परगावी आपल्या मुलांवर अन्याय झाला म्हणून कळवळणारे आपण, आपल्या गावी पाहुणा संघ आला की रेषेवर उभे राहून काय करतो, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

मग दुर्बळ पक्षाने, परक्या मैदानावर, काय करावे? याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या कहाणीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ लढत झाली. आणि ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती असावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून दाद मागायला तिथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. कोणी ठरवून त्यांच्यावर अन्याय केला, असे म्हणण्याचे कारण नाही. नियम त्यांच्या बाजूचा होता. तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता.

आपल्या मंडळांनी यातून घेण्याजोगे बरेच आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संघाबरोबर नियमपुस्तक तोंडपाठ असलेला, शांत डोक्याचा एक व्यवस्थापक असावा. हरकत घ्यायची ती मुदतीत, लेखी आणि नियमाचा आधार देऊन घ्यावी. मैदानात घुसून नव्हे. आपल्या तरुणांपैकी काहींनी, आणि मुलींनीही, पंचाची परीक्षा देऊन त्या कामात उतरावे. सीमेवरच्या माणसाला दोन्ही बाजूंच्या भाषा येतात. तटस्थ पंच होण्यास त्याच्याइतका योग्य कोण?

आणि आपल्या गावी सामने भरतील, तेव्हा पंच तिसऱ्या गावचे बोलवावेत. त्यांचा मुक्काम आणि जेवण खेळणाऱ्या संघांच्या घरी नसावे. त्यांचे मानधन सामन्यापूर्वीच हातावर ठेवावे, म्हणजे निकालाशी त्याचा संबंध जोडला जाणार नाही. गुणलेखकाच्या शेजारी दोन्ही संघांचा एकेक माणूस बसवावा. प्रेक्षकांसाठी दोर मैदानाच्या रेषेपासून चांगला दूर बांधावा, आणि सरपंचाने प्रत्येक निर्णय कारणासह मोठ्याने सांगावा. यात खर्च फारसा नाही. शंकरपटात जोडीची धाव घड्याळावर मोजली जाते, आणि म्हणून हरलेला शेतकरी फार तर आपल्या बैलांना दोष देतो. जिथे घड्याळ चालत नाही, तिथे एवढी व्यवस्था तरी करता येईल.

हा प्रश्न एका ढालीचा किंवा रोख इनामाचा असता, तर त्यावर आम्ही इतके लिहिले नसते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरातली मोठी माणसे ‘तू हरला नाहीस, तुला हरवले’ असे सांगतात, तेव्हा ती त्याचे सांत्वन करीत आहेत, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ती त्याच्या हातून सराव काढून घेत असतात. कारण निकाल आधीच ठरलेला असेल, तर पहाटे उठून धावायचे कशासाठी? आणि पुढे शाळेत, नोकरीत, परीक्षेत अपयश आले, की हेच वाक्य त्याच्या ओठांवर येईल. जिथे अन्याय झाला, तिथे तो पुराव्यानिशी मांडावा, आणि मुलालाही तो तसा मांडायला शिकवावे. जिथे झाला नाही, तिथे समोरच्याचा डाव आपल्याहून सरस होता, हे त्याला प्रेमाने सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर पाठवावे.